पेटी क्रमांक चार

मध्य स्वीडनमधल्या एका कडक पावाच्या कारखान्यात भट्टीच्या तापमानाचा संदेश वाटेत बिघडतो, ही बाब मे महिन्यात रीतसर नोंदवण्यात आली. संवेदकाकडून निघालेला क्षीण संदेश मोठ्या मोटारीच्या तारेशेजारून जाई आणि पडद्यावर पोचेपर्यंत आकडे नाचू लागत. उपाय तळहाताएवढा होता: संदेश गाळून, बळकट करून पुढे धाडणारी एक पेटी. ती पेटी येईपर्यंत भट्टीवर काम करणाऱ्या गुनवोरने तिथेच उभं राहायचं, वास घ्यायचा आणि ओरडायचं, "दोनशे चाळीस!" एकतीस वर्षांत तिचं नाक चुकलं नव्हतं. पेटी बसली की तिची जुलैची रजा सुरू. तळ्याकाठी होडी रंग लावून तयार होती.

"बाजारात अशा तीन पेट्या आहेत, तिन्हींपैकी कुठलीही चालेल," अभियंता सिक्स्टन म्हणाला. तिथेच त्याचं चुकलं. त्या कारखान्यात निर्णय एकमताने होत, आणि एकमत व्हायला आधी सगळ्यांना मतं असावी लागतात.

पहिल्या बैठकीत दालचिनीचे बन आले. "पेटी चांगलीच आहे रे," व्यवस्थापिका अनेली म्हणाली, "पण तिच्याबद्दल प्रत्येकाला मनातून काय वाटतं?" वाटणं लिहून घेण्यात आलं. दुसऱ्या बैठकीत विजेवाल्या यल्मारला उणे चाळीस अंशांत टिकणारी पेटी हवी झाली. भट्टीपाशी गुनवोर घामाने निथळते, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला. पाचव्या बैठकीत गुणतक्ता आला: अचूकता, गोंगाटात टिकाव, बिघाडाची आगाऊ सूचना, स्वीडिशमधून बोलणं.

"मग सध्याच्या व्यवस्थेलाही गुण द्या की. न्याय म्हणजे न्याय!" यल्मार म्हणाला.

पेट्यांना एकसष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. गुनवोरला सत्त्याण्णव.

"माझे तीन कुठे कापलेत?" तिने विचारलं.

"रजा," सिक्स्टन मान खाली घालून म्हणाला. "तेवढाच एक दोष आहे बघ तुझ्यात."

"कुणाची हरकत?" अनेलीने विचारलं.

गुनवोरची होती. पण सहा आठवड्यांनी जमलेलं एकमत एकटीने मोडणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. तिने आशेने सिक्स्टनकडे पाहिलं. त्याने घाईघाईने अख्खा बन तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी तिच्या ॲप्रनवर चिठ्ठी लागली: 'संदेशप्रक्रिया साधन. बंद करू नये.' निवड समिती मात्र पार दमली होती. ती महिनाभर रजेवर गेली.

हसलात ना? मग जरा आठवा. तुमच्या घरात किंवा कचेरीत ज्या एका माणसावाचून सगळं अडतं, त्याच्या रजेचा विषय निघाला तेव्हा तुमच्या तोंडात काय होतं?