पादचारी : शून्य

नगररचनेचा अभ्यास ही बसून करायची गोष्ट आहे. चालणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष उघड्या गटाराकडे. त्याच्याकडून दूरदृष्टीची अपेक्षा करणं हा अन्यायच. हे ओळखूनच दिल्लीत नगररचना शिकणाऱ्या शार्दूलने आणि त्याच्या दहा वर्गमित्रांनी शहरांविषयी एक ऑनलाइन त्रैमासिक काढलं. गुडगावात तेव्हा पंधरवड्याला एक टॉवर उगवत होता आणि त्यावर कुणी विद्वत्तापूर्ण लिहीत नव्हतं. लाजिरवाणीच गोष्ट!

नाव ठेवलं ‘पदपथ’. नावाला तीन बैठका लागल्या, बोधचिन्हाला सात. अकराच्या अकरा जण संपादक झाले: एक मुख्य, चार कार्यकारी, पाच सल्लागार आणि एक चिराग (त्याला वेबसाइट करता येत होती, म्हणून तो नुसता साहाय्यक). लेखक एकही नव्हता. पण लेखकांसाठीची नियमावली चौदा पानी होती. दर्जाबद्दल बोलायची काय बिशाद कुणाची!

मुख्य संपादक शार्दूल गुडगावात आठव्या मजल्यावर राहायचा. वडील बळवंतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. समोरच्या टॉवरमध्ये आईची, म्हणजे सुनंदाबाईंची, थोरली बहीण कुमुद एकटीच राहायची, गुडघ्यांनी घरी बसवलेली. दोघींच्या बाल्कन्या समोरासमोर, मधे आठपदरी रस्ता. अंतर म्हणाल तर नव्वद पावलं. पण दुभाजकाला छातीएवढी जाळी. सिग्नल नाही, पूल नाही. म्हणून सुनंदाबाई रोज डबा घेऊन ऑटोत बसत, दोन किलोमीटर जाऊन यू-टर्न घेत आणि दोन किलोमीटर परत येत. तोवर आमटी थंड. ताईच्या पानात गरम आमटी पडावी, एवढीच या बाईची नगररचनेकडून अपेक्षा होती. (अपेक्षा अवाजवी होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.)

“अरे, तुझ्या त्या मासिकात लिही की याबद्दल,” आई म्हणाली. “पुलासाठी अर्ज दिलाय मी. बाबांनी तीन प्रतींत लिहून दिला.”

“आई, यार, एकटीचा अनुभव म्हणजे डेटा नाही. आधी सर्व्हे लागतो.”

“मग कर की मेल्या!”

शार्दूल आईच्या शब्दाबाहेर नव्हता. एका मंगळवारी तो आणि कार्यकारी संपादक देविका त्याच रस्त्यालगतच्या मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात काचेला लागून चार तास बसले. (बाहेर उभं राहायला पदपथ नव्हता.) देविका मोटारी मोजत होती, शार्दूल उरलेलं सगळं. साडेअकराला एका ऑटोतून आईने डबा उंचावून हात केला. शार्दूलनेही हात केला आणि ‘तीनचाकी’च्या रकान्यात एक रेघ ओढली.

“शार्दूल, पण तुझी आई रस्ता ओलांडायलाच निघालीये ना?” देविका म्हणाली.

“ती तीनचाकीत आली. एका माणसाला दोनदा कसं मोजणार?”

बिल्कुल बिनतोड. निष्कर्ष असे निघाले: मोटारी ९,४१२, तीनचाकी १,१८७, सायकली ६३ (पैकी ६१ उलट्या दिशेने), गाय १ (जाळीच्या आत, कशी पोचली हे स्वतंत्र संशोधनाचा विषय), रस्ता ओलांडणारे पादचारी, शून्य.

प्रवेशांक थाटात निघाला. कोपनहेगनच्या सायकलींवर लेख होता (लेखक पश्चिमेला जेमतेम रोहतकपर्यंत जाऊन आलेला) आणि शार्दूलचा लेख अकरा तक्त्यांसह. पहिल्या महिन्यात ६४० भेटी झाल्या, त्यातल्या ५८८ संपादकांच्या.

तीन महिन्यांनी आईच्या अर्जाला उत्तर आलं. बळवंतरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: “‘पदपथ’ या नियतकालिकातील सर्वेक्षणानुसार (तक्ता ४) सदर ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या शून्य असल्याने पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. प्रकरण निकाली.”

“सरकारी कागदात संदर्भ म्हणून नाव!” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला बत्तीस वर्षांत जमलं नाही रे!”

संपादक मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला. चिराग मेट्रोने करोल बागेत जाऊन पेढे घेऊन आला. आईने एक पेढा तोंडात टाकला, दुसरा कागदात गुंडाळला आणि ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. समोर कुमुदमावशी टॉवेल हलवत होती.

“हा ताईला कसा पोचवू रे?” आईने विचारलं. रागाने नाही. खरोखरच विचारलं.

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढा घेऊन तो तडक खाली उतरला. आज चालत जायचंच. रस्त्याच्या कडेला तो वीस मिनिटं उभा राहिला. जाळीकडे पाहिलं, मोटारींकडे पाहिलं. मग ऑटोला हात केला.

दुसऱ्या अंकात त्याने शुद्धिपत्र छापलं: “तक्ता ४ मध्ये ‘शून्य’ऐवजी ‘दोन (दोघेही ऑटोत)’ असे वाचावे.” ते आजवर अकरा जणांनी वाचलं आहे. आपण बारावे. आपल्या समोरच्या बाजूला कोण राहतं आणि तिथे आपण शेवटचं चालत कधी गेला होता, हे विचारून आपल्याला उठवायचा आमचा मुळीच इरादा नाही. बसा. अभ्यास असाच करतात.