नमुन्याबरहुकूम ग्रामीण स्त्री

बोरगव्हाण या गावच्या विहिरीचे पाणी खारे असल्याची बाब तेथील महिला मंडळाने १९६४ सालच्या मार्च महिन्यात शासनाच्या निदर्शनास आणून दिली. पाणी त्यापूर्वीही दोनेकशे वर्षे खारेच होते. परंतु निदर्शनास आलेले नसल्यामुळे नियमाच्या दृष्टीने ते गोड होते. अर्ज नांदुऱ्याला आमच्या कार्यालयात आला. मी आवक-जावक कारकून. मी शिक्का मारला आणि अर्जाला जन्माला घातले.

अर्ज साधा होता. नांदुऱ्यापासून नऊ मैलांवरच्या या गावात गोडे पाणी फक्त शिवेवरच्या झऱ्याला. बाया दिवसातून तीनदा कोसभर चालत जातात आणि पितळेचा भरला गुंड डोक्यावर घेऊन परततात. तरी शिवेवर इंजिन बसवून गावात नळ आणावा. खाली अध्यक्षा सुभद्राबाई यांची सही आणि एकतीस अंगठे. अक्षर चिटणीस तानाबाई यांचे होते. त्या बौद्धवाड्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. झऱ्यावर त्यांची पाणी भरायची बाजू वेगळी होती, अर्जात मात्र सगळ्यांचे पाणी एकच होते.

अर्ज घेऊन सुभद्राबाई स्वतः आल्या होत्या. मी म्हणालो, शिक्का झाला, आता निघा. त्यांनी पदर थोडा मागे घेतला. जिथे चुंबळ ठेवतात तिथे टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती.

"माह्यं त गेलं," त्या म्हणाल्या. "पर माही रुख्मिणी आता सोळाची झाली. चार वर्सांपासून गुंड उचलून राह्यली. तिचे केस आता कुठी जाऊन राह्यले. येत्या साली तिले पाह्याले लोक येतीन. पोट्टीचं डोक्सं वाचलं पायजे, साहेब."

मी साहेब नव्हतो, पण ती चूक मी दुरुस्त केली नाही.

पाणी हा विषय बांधकाम शाखेचा. परंतु अर्जात पाण्याचा उल्लेख दोनदा आणि बायांचा नऊदा होता. बहुमताने अर्ज बायांचा ठरला. बायांसाठी वेगळी शाखा नव्हती. कार्यालयाचा त्यांच्याशी संबंध तोवर चित्रापुरताच आला होता, म्हणून कागद प्रसिद्धी शाखेकडे गेला. तिथले साहेब पुण्याहून नुकतेच बदलून आले होते आणि पुढच्या वर्षाच्या सरकारी कॅलेंडरसाठी विषय शोधत होते. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. "पाणी आणणारी ग्रामीण स्त्री," ते म्हणाले. "काय विषय आहे."

पुरावा म्हणून छायाचित्रे मागवण्यात आली. नांदुऱ्याचे माणिकराव फोटोवाले सायकलला कॅमेरा बांधून गेले आणि झऱ्याच्या वाटेवर बारा फोटो काढून आले. फोटोत बारा बाया होत्या. माना आत गेलेल्या, गळ्याच्या शिरा ताठ, उन्हाने डोळे बारीक, पायांत काही नाही. साहेबांनी फोटो टेबलावर मांडले, पुन्हा गोळा केले आणि मला पत्र लिहायला सांगितले. ते पत्र माझ्या अक्षरात आहे, हे मी नाकारत नाही:

"सादर केलेल्या छायाचित्रांतील स्त्रिया ग्रामीण स्त्रीप्रमाणे दिसत नाहीत. सोबत नमुना जोडला आहे. नमुन्याबरहुकूम स्त्रिया उपलब्ध करून फेरसादर करावे. विलंबाची जबाबदारी मंडळावर राहील."

नमुना म्हणजे एका साप्ताहिकाचे मुखपृष्ठ होते. त्यावरची बाई गोरीपान, भरल्या अंगाची, लांब मानेची. केसांत गजरा. घागर डोक्यावर नाही, कमरेवर. आणि ती हसत होती. कोणाकडे पाहून, ते चित्रात नव्हते.

पत्रासोबत एक तक्ताही गेला: रंग, नाक, दात, मानेची लांबी, केसांची लांबी, हसू (नैसर्गिक अथवा शिकवलेले). असला तक्ता गावाला नवा नव्हता. मुलगी पाहायला येणारे पाहुणे तो तोंडी भरतच असत. आता तो तीन प्रतींत भरायचा होता, एवढाच फरक. गावातल्या पुरुषांनी हे काम हौसेने हाती घेतले. कोणाची बायको कोणत्या रकान्यात नापास, यावर पारावर आठ दिवस चर्चा चालली.

बायांनीही प्रयत्न केला, कारण नळ हवा होता. कमरेवर घागर घेऊन दोघीजणी झऱ्यावरून निघाल्या. पाव कोसावर एकीची कंबर धरली आणि दुसरीने घागर डोक्यावर चढवली. हसण्याचा सरावही झाला. चढावर हसले की तोंडाने श्वास घेता येत नाही, असे मंडळाने लेखी कळवले. त्यावर साहेबांनी शेरा मारला: "सबब मान्य नाही."

शेवटी साहेब स्वतः जीपने आले. मागे माणिकराव, मी आणि तक्ता. मंदिरासमोर बाया उभ्या केल्या गेल्या. साहेब रांगेवरून दोनदा फिरले आणि थकले.

"या वाळक्या आहेत," ते इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाले. "लोक कॅलेंडर वर्षभर पाहतात. त्यांना उत्साह वाटला पाहिजे."

तानाबाई म्हणाल्या, "साहेब, पाणी आमी भरतो. मंग पाणी भरनारी बाई आमच्यासारखी नाई दिसनार, त कोनासारखी दिसन?"

"बाई, प्रश्न असण्याचा नाही. दिसण्याचा आहे."

रुख्मिणीही रांगेत होती. साहेबांनी तिच्यापुढे क्षणभर थांबून डोक्यावरचा पदर काढायला लावला, टाळू पाहिली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी रकान्यात फुली मारली. ती फुली मारताना मला लाज वाटली, पण शाई सरकारी होती, ती वाळली.

तेव्हा कोणीतरी तुळशीरामाचे नाव काढले. तुळशीराम हा गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळात, वीस वर्षे राणीचे काम करणारा गडी. झऱ्याकडे त्याची फेरी दंडारीआधी नारळ फोडण्यापुरती. रंग उजळ, अंग भरलेले, कारण घरातले सगळे काम बायको करी. त्याला मिशी काढायला बसवले, पावडर लावली, नऊवारी नेसवली, केसांच्या टोपाला गजरा माळला. तो बाहेर आला आणि साहेब उभे राहिले.

"हीच ती," ते म्हणाले.

घागर रिकामी द्यायची की भरलेली, यावर थोडा विचार झाला. भरलेल्या घागरीने तुळशीरामाचे हसू जात होते, म्हणून रिकामी दिली. तुळशीराम भला माणूस. जाताना सुभद्राबाईंना म्हणाला, "वहिनी, राग नोका धरू. म्या आजवर घागर भरून नाई पाह्यली. पर नळ येऊन राह्यला असन त म्या हसतो."

कॅलेंडर निघाले. ते शाळांत, दवाखान्यांत, तहसिलीत, पानाच्या ठेल्यांवर लागले. आमच्या घरातही लागले. मी ते चुलीसमोरच्या भिंतीवर लावले आणि बायकोला म्हणालो, "पाहा, खेड्यातली बाई काबाडकष्ट करून कशी राहते." त्या आठवड्यापासून ती तोंडाला हळद-साय लावू लागली.

इकडे अर्ज पुढे सरकला. त्याला आता कॅलेंडर जोडलेले होते. अभियंत्यांनी ते बारकाईने पाहून अभिप्राय दिला: "या गावातील स्त्रियांची प्रकृती उत्तम दिसते. पाणी आणण्याचा व्यायाम त्यांस मानवला आहे. नळ दिल्यास बांधा बिघडण्याचा संभव. अर्ज निकाली काढावा."

एकतीस बाया पायी नांदुऱ्याला आल्या. सुभद्राबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवले. "हे बाई नाई, साहेब. हा तुळशीराम हाये. तुमीच त नेसोलं त्याले."

"मग तुमची तक्रार काय?" साहेबांनी शांतपणे विचारले. "पुरुषाला त्रास होत असेल, तर पुरुषाने अर्ज करावा."

बाया परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तानाबाईंनी प्रत्येक घराच्या दारावर गावात वाटायला आलेल्या कॅलेंडरचे एकेक पान चिकटवले आणि खाली कोळशाने लिहिले: पाणी हिच्याकडून घ्यावे. त्या दिवसापासून बोरगव्हाणच्या एकाही बाईने गुंड उचलला नाही. ज्यांना तहान लागली त्यांना खारी विहीर मोकळी होती.

पहिल्या दिवशी पुरुष हसले. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, पण झऱ्याच्या उतारावर गाडी जात नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. तिसऱ्या दिवशी गुंड डोक्यावर चढले. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक अर्ज आला: "झऱ्यावरून पाणी आणताना आमच्या माना, कणे व डोक्याचे कातडे यांस गंभीर इजा होत आहे." पहिली सही तुळशीरामाची. अर्जात बाईचा उल्लेख कुठेच नव्हता, त्यामुळे तो थेट बांधकाम शाखेत गेला. त्याच अभियंत्यांनी शेरा लिहिला: "असे श्रम अमानुष आहेत. तातडीने मंजूर." सतराव्या दिवशी पाइपांची गाडी निघाली. जिल्ह्याच्या साप्ताहिकात मथळा आला: बोरगव्हाणच्या पुरुषांनी गावात पाणी आणले.

नळ आला. रुख्मिणीच्या डोक्यावर जेवढे केस उरले होते तेवढे राहिले. पुढच्या माघात तिला पाहायला पाहुणे आले. स्थळ मीच नेले होते. मुलगा माझा मावसभाऊ, अकोल्याला शिक्षक, सुधारलेले घर. हुंडा नको, पत्रिका नको. मुलीने पोहे दिले, नाव सांगितले. मग मावसोबांनी पिशवीतून घडी केलेले कॅलेंडरचे पान काढले आणि मांडीवर उलगडले.

"आमची काही अट नाही," ते म्हणाले. "फक्त साधारण अशी असली की झालं."

तुळशीराम शेजारी म्हणून बैठकीला बसला होता. त्याने पान निरखून पाहिले, सुपारी गालात सरकवली आणि मावसोबांना नम्रपणे म्हणाला, "मामाजी, म्या तयार हाव. पर माह्यं लगन होऊन गेलं."

रुख्मिणी हसली नाही. तिने मुलाच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. "हे स्थळ मले पसंत नाई," ती आईला म्हणाली आणि आत गेली. सुभद्राबाईंनी तिला परत बोलावले नाही. पाहुण्यांनी वाटेत मला एवढेच विचारले, की एवढी ऐट करायला मुलगी अशी काय लागून गेली होती.

वाचकहो, तुम्ही साहेबांना हसलात, अभियंत्यांना हसलात, मलाही हसलात, हरकत नाही. परंतु एक बाब निदर्शनास आणून देणे माझे कर्तव्य आहे. रुख्मिणीचा रंग, नाक, डोळे, दात यांबद्दल मी वर एक अक्षरही लिहिलेले नाही. तरीही ती तुम्हाला दिसली आहे, आणि मघाशी ती बशी घेऊन आत गेली तेव्हा तुम्ही तिचा रकाना भरूनही टाकला आहे. माणिकरावांच्या पहिल्या बारा फोटोंतल्या कोणत्याही बाईशी ती जुळत नसावी, असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास आपला नमुना तीन प्रतींत आमच्या कार्यालयाकडे पाठवावा. शिक्का मी मारीन.