आण्णा मगदुमांची सुई

"डोळ्यात सुई घेतलीसा काय कधी, पावणं?"

म्हशीचं ताजं दूध समोर काढून देतात त्या दूध कट्ट्यावर एखाद्यानं पेला तोंडाला लावावा आणि शेजारून हा प्रश्न यावा! विचारणारे आमचे शेजारी, आण्णा मगदूम. आवाज असा की पलीकडची म्हैससुद्धा मान वळवून बघते. पावणा "न्हाय" म्हणायच्या आत यांचं सुरू. "आदी थेंब घालत्यात, डोळा बधिर. मग पिवळं औषध. तोंडावर भोकाचं फडकं. पापणी मिटू ने म्हणून चिमटा. मग डॉक्टर बुबुळाच्या कडंपासनं माप घेतोय, चार मिलिमीटर, आनि पांढऱ्यात कच्चकन!"

पावण्याचं दूध पेल्यातच राहतं. आण्णांच्या डोळ्याचा पडदा साखरेनं सुजलाय, दर महिन्याला सुई घ्यावी लागते, हे सगळं खरं. पण म्हणून लोकांच्या खाण्यापिण्याच्या वेळी? मला तर डोक्यात तिडीक जायची.

आणि गेल्या महिन्यात मलाच दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. माझी बोबडीच वळली. घरी येऊन जाहीर केलं, आंधळा झालो तरी चालेल, सुई घेणार नाही! बायकोनं ही बातमी भिंतीपलीकडं पोचवली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा रिक्षा घेऊन दारात.

"चला. न्हाय म्हणायचं न्हाय."

टेबलावर झोपलो. थेंब, पिवळं औषध, फडकं, चिमटा, सगळं आण्णांच्या क्रमानं. डॉक्टर म्हणाले, "वर बघा, हलू नका." जरासा दाब जाणवला. "झालं."

झालं? एवढंच? मी उडालोच! बाहेर येऊन आण्णांवर खेकसलो, "कच्चकन कुठं होतं ओ त्यात?"

"आदी भरपूर भ्यालं, की आत गेल्यावर माणूस खूश हुतंय की!"

परतताना त्यांनी चहाला घरी नेलं. वैनी खाटेवर बसल्या होत्या. त्यांना दिसत नाही हे मला माहीत होतं, पण का, ते कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढं हात धरला. "दुसरा डोळा झाका. किती बोटं?"

"तीन."

दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःची बोटं चाचपली. "बरोबर."

आण्णा बोलले ते इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं. "हिचीबी सुई ठरलेली. दाराच्या काचंतनं ते फडकं बघितलं आनि म्याच भ्यालो. टेबलावरनं उठवून घरी आणली. परत जाऊ दिली न्हाय."

दोन वर्षं मी या माणसाचा राग राग केला होता.

"पुरं की आता," वैनी म्हणाल्या. "उद्या तुमचा नंबर हाय. आल्याबरोबर माझी बोटं मोजायची."

आण्णांनी नुसती मान हलवली. मग वैनींना ते दिसत नाही हे ध्यानात आलं, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "व्हय!"