दाजीसाहेबांच्या मुंग्या

एका जंगलात, बाळांनो, दाजीसाहेब नावाचे अस्वल राहत होते. जंगलाचे पाटीलच म्हणा ना. दारी आलेल्याचं तोंड मधानं गोड करायचं आणि त्याला सोबत म्हणून आपणही एक पोळं संपवायचं, असा घरचा रिवाज. पाहुणे काही कमी नव्हते.

हळूहळू दाजीसाहेबांना तहान लागू लागली. निम्मा पाणवठा प्यायले तरी जीभ कोरडीच. तासातासाला झुडपामागे पळायचे. समोरचं हरीण अंधूक दिसायचं, त्याला झाड समजून पाठ घासायला जायचे. खाणं दुप्पट, तरी अंग उतरत चाललेलं. पायाच्या बोटाला काटा लागला, ती जखम महिना झाला तरी ओलीच.

त्यांची बायको गोजराबाई काळजीनं अर्धी झाली.

"अहो, वैद्यांना दाखवा की!"

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

एके सकाळी त्या झुडपामागे मुंग्यांची रांग लागली. कोल्ह्यानं ती पाहिली आणि हातच जोडले.

"वहिनी, साहेबांची पुण्याई बघा! मुंग्या दर्शनाला आल्या!"

झालं. झुडपाला शेंदूर फासला. नारळ फुटले. कोल्हा पुजारी झाला. नैवेद्य अर्थात मधाचा, आणि तो पुजाऱ्याच्याच पोटात.

गोजराबाईंना राहवेना. त्यांनी रांगेतल्या एका म्हाताऱ्या मुंगीला गाठलं.

"खरं सांग बाई, इथं कशाला येता?"

"गोड असतं म्हणून. देवाबिवाचं आम्हाला ठाऊक नाही. तुझ्या नवऱ्याच्या लघवीत साखर उतरलीय. वेळीच बघ, नाहीतर पाय जाईल."

गोजराबाईंनी नवऱ्याला कान धरून घुबडवैद्यांकडे नेलं. वैद्यांनी औषध दिलं, मध बंद केला, रोज टेकडी चढायला लावली. चार महिन्यांत तहान भागली, नजर निवळली, पाय वाचला. गोजराबाई आनंदानं रडल्या.

मुंग्या मात्र निघून गेल्या. जंगल खवळलं.

"चांगलं चालतं देवस्थान या बाईनं बंद पाडलं!"

दाजीसाहेबांची पाटीलकी गेली. तोवर कोल्हाही तासातासाला झुडपामागे जाऊ लागला होता. मुंग्या तिकडे वळल्या, पाठोपाठ नारळही.

गोजराबाई धावत गेल्या. "भावजी, पाया पडते, वैद्यांकडे चला!"

कोल्ह्यानं तांब्याभर पाणी घटाघटा ढोसलं.

"वहिनी," तो म्हणाला, "इतकं जळू नये."

तात्पर्य : मुलांनो, लक्षणं वेळेवर ओळखू नयेत. ओळखली की माणूस नुसता बरा होतो. न ओळखली तर देव होतो, आणि तोही लवकर.