रज्जाकचाचांचे करार

आमच्या अंगणात दोन ओल्या सतरंज्या वाळत घालायच्या होत्या, म्हणून रज्जाकचाचा दोन पानांचा इंग्रजी करार घेऊन आले. आई 'प्रथम पक्ष', ते 'द्वितीय पक्ष' आणि आमचं अंगण 'सदर जागा'. आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि कागद मागून-पुढून बघितला.

"रज्जाकभाऊ, वीस वर्षं झाली, तुमच्या सतरंज्या इथीच वाळतेत. आज काऊन सही पायजे?"

"भाभी, भरोसा हाये म्हणून तं कागद. भरोसा नसता तं सतरंजी घरातच सडू देली असती."

आईने सही केली. संध्याकाळी चाचांनी सतरंज्या उचलल्या, अंगण स्वतः झाडलं, 'सदर जागा सुस्थितीत परत मिळाली' असं आईकडून लिहून घेतलं आणि जाता जाता तिच्या वाळवणातल्या दोन ओलसर कुरड्या तोंडात टाकल्या. कुरड्यांबद्दल करारात एक अक्षर नव्हतं.

ब्रह्मपुरीत चाचांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाचे मांडव, कनाती, खुर्च्या, दिवे आणि हिवाळ्यात गावोगावच्या नाटकांचे मंडप, असा सगळा धंदा. तो वर्षानुवर्षं तोंडी चालला. मग एका साली शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री होणाऱ्या नाटकासाठी, मंडपाच्या लाकडी बल्ल्यांनी भरलेला ट्रक घेऊन ते एका गावात पोचले, तर तिथे दुसऱ्याचाच मंडप उभा. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यासंग नुसतं बोलणं झालं होतं ना, भाऊ." चाचा भरला ट्रक घेऊन परतले आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं. "कागद करून टाकू."

वकिलाकडे जाणं त्यांना मंजूर नव्हतं. "वकील त्याच्या मनचं लिहिते. मले माह्या मनचं पायजे." त्यांनी बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणला. सोबत एक सीडी फुकट मिळाली. तिच्यात धंद्याचे तीनशे तयार करार होते. प्रोग्राम एकेक प्रश्न विचारायचा, आपण रिकाम्या चौकोनात उत्तर भरायचं, आणि शेवटी प्रिंटर कर्र कर्र करत अख्खा करार बाहेर काढायचा. ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. चाचा त्या मशीनसमोर डोक्यावरची टोपी नीट करून बसत. पडद्यावर नवा प्रश्न आला की अदबीने "जी" म्हणत.

अडचण एकच होती, प्रश्न इंग्रजीत यायचे. मी चंद्रपूरला मामाकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते आणि कॉलेजसाठी नुकतीच घरी परतले होते. चार माणसांसमोर माझा आवाज निघत नसे. कोणी पाहुणे आले की मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जायची. चाचांनी मला विचारलं वगैरे नाही. दुकानात खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "बस, बेटा." टाइप मी करायचं आणि समोर बसलेल्या गावच्या मंडळींना कलम न् कलम मराठीत समजावूनही मीच सांगायचं. पहिल्या दिवशी मी पडद्याकडे बघतच पुटपुटले.

"जोरात, बेटा," चाचा म्हणाले. "कलम हाये, चुगली नाई."

सीडी परदेशातली असावी. माणसाचा इलाज चालत नाही अशा आपत्तींच्या यादीत भूकंप आणि युद्धाबरोबर हिमवादळही होतं. ते काढू का, असं मी विचारलं.

"राहू दे. उद्या ब्रह्मपुरीत बर्फ पडला तं मी कोणाजवळ रडू?"

मग त्यांनी यादीत स्वतःची भर घातली. वाघ, अस्वल आणि मोहफुलं. मोहफुलं कशाला, हे मला कळेना. "मोह पडाले लागला का एक मजूर भेटत नाई. सारे जंगलात फुलं वेचाले. वाघ परवडला."

वाघाचं कलम खरंच कामाला आलं. नागभीडकडच्या एका गावात लग्नाच्या आदल्या दिवशी वाघाने शिवेवर गोऱ्हा मारला. मजूर कनाती अर्धवट सोडून ट्रकवर चढले आणि लग्न आंब्याच्या झाडाखाली लागलं. आठवड्याने नवरीचे वडील तणतणत दुकानात आले. चाचांनी फक्त कागद माझ्या हातात दिला. मी उभी राहून वाचलं, "वाघ, अथवा वाघाची खात्रीलायक बातमी."

ते गृहस्थ खाली बसले. पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "पोरीच्या सासरच्यांसंग असा कागद करून भेटते का?"

माझा आवाज त्या दिवशी रस्त्यापर्यंत ऐकू आला, असं आईने रात्री बाबांना सांगितलं. मी ते भिंतीआडून ऐकलं.

ट्रकवाला, शिंपी, दिवेवाला, सगळ्यांचे कागद झाले. राहिले फक्त पुंडलिकभाऊ. ते चाचांचे सुरुवातीपासूनचे भागीदार. मंडप उभा करणं त्यांचं काम. जमिनीत रोवण्याआधी प्रत्येक बल्लीवर ते बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावत आणि आतून भुंग्याने पोखरलेली बल्ली बाजूला फेकून देत. चांगली दिसणारी बल्ली फेकली म्हणून चाचा चिडत. हे भांडण रोजचं होतं.

"साऱ्या ब्रह्मपुरीचा कागद केला. माहा कधी करतं बे?" पुंडलिकभाऊ टोमणा मारत.

"तुहा केला तं मी भांडू कोणासंग?"

त्या उन्हाळ्यात वरची गाठ बांधताना पुंडलिकभाऊ पडले आणि त्यांचा खुबा मोडला. तीन महिन्यांनी काठी घेऊन उभे राहिले, पण चढणं संपलं होतं. चाचांनी त्यांचा हिस्सा घरी नेऊन दिला. तो तसाच परत आला, निरोपासकट. "बसल्या जागी मी कोणाचं खात नाई. रज्जाकचंही नाई." त्यानंतर पुंडलिकभाऊंनी दुकानात येणंच सोडलं.

 चाचा आता कॉम्प्युटरशी भांडायला लागले. "काऊन बे, झोपला का?" असं त्याला दरडावत. त्यांना 'जी' म्हणताना मी पुन्हा ऐकलं नाही.

मग एका सत्कार समारंभात मंडपाची एक बल्ली मधोमध मोडली. कोणाला लागलं नाही. चाचा तिचे दोन तुकडे दुकानात घेऊन आले आणि टेबलावर ठेवले. आतून नुसता भुसा पडत होता.

"बस, बेटा. पुंडलिकचा कागद करू."

प्रोग्रामने विचारलं, कामाचं स्वरूप? चाचांनी सांगितलं, "परतेक बल्ली वाजवून पाहणे." अटी? "पुंडलिकनं ठीक म्हटल्याबिगर खाली एक खुर्ची मांडल्या जाणार नाई. मंग अध्यक्ष उभे राहो का आमदार." आणखी? "त्याले चढाले कोणी सांगणार नाई." आणखी? "रोज दुकानात यावं लागीन. नाई आला तं मी त्याच्या घरी जाऊन बसीन."

शेवटी चौकोन आला, कराराची मुदत, वर्षांत.

"लिही, कायमचा."

चौकोन अक्षरं घेत नव्हता. रिकामा सोडला तर छापायला नकार. शून्य टाकलं, तरी नकार. "माणसाले असं विचारते का कोणी?" चाचा पडद्याला म्हणाले. उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन त्यांनी मला आकडा सांगितला.

पुंडलिकभाऊंना मराठीच वाचता येत होतं. म्हणून मी सगळा करार हाताने मराठीत स्टॅम्प पेपरवर उतरवला आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले.

"अन् म्या चांगली बल्ली फेकून देली तं?"

"फेकलेली राहीन. चार नंबरचं कलम वाच."

बोट खाली सरकत सरकत थांबलं. "नव्व्याण्णव वर्षं? मले बासष्टावं लागलं, रज्जाक."

"मंग मी काय करू? त्या चौकोनात दोनच आकडे मावते."

पुंडलिकभाऊंनी कागद मांडीवर सपाट केला.  मग त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

त्यांनी मोठ्या अक्षरांत, ओळ सोडून सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. कॉलेजच्या फॉर्मांवर मी कितीदा तरी सही केली होती, पण त्या कागदावर ती मला पहिल्यांदा मोठ्या माणसाची वाटली. चाचांनी कागदाची चौघडी घालून पुंडलिकभाऊंच्या खिशात ठेवली, आणि उद्याच्या मंडपाला सागाच्या बल्ल्या न्यायच्या की बांबू, यावरून दोघं तिथेच भांडायला लागले.

शिंप्याच्या करारात पानापानाच्या कोपऱ्यावर सही घेणाऱ्या रज्जाकचाचांनी त्या दिवशी स्वतःचीच सही केली नव्हती. प्रथम पक्षाची जागा कोरी होती. मला ते दिसलं होतं. सांगण्याइतका आवाजही आता मला होता. मी बोलले नाही.

त्या कागदावर पुंडलिकभाऊ पुढे आठ वर्षं दुकानात आले, आणि त्यांनी 'ठीक हाये' म्हणेपर्यंत कोणत्याही अध्यक्षाला खुर्ची मिळाली नाही.