किबिवोत बूट घालून बघतो

बूट किप्रोनोला मोठे झाले म्हणून बापाच्या वाट्याला आले, आणि बाप दोन दिवस ते घालायचे सोडून उलटे करून बघत बसला. किबिवोतचा स्वभावच तसा. घरात नवी वस्तू आली की तिचं गुपित कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. केनियातल्या आमच्या इटेनमध्ये पळणाऱ्यांना काय तोटा? त्याचा किप्रोनोही त्यातलाच. पण इथे सगळ्यांचे बूट खालून जवळजवळ सपाट. हे मात्र डोंगरातल्या पाऊलवाटांवर पळायचे, भडक केशरी, आणि तळाला मांजरासारखी नखं. ओल्या मातीत घसरत नाहीत म्हणे. पण घसरत नाहीत म्हणजे किती घसरत नाहीत?

रात्री पाऊस पडून तांबडी माती मस्त निसरडी झाली होती. अशी संधी सोडायची म्हणजे पापच. उजाडताच त्याने बूट चढवले. चुलीपाशी बसलेल्या जेबेतने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"आज कुठे जायचंय, आठवतंय ना?"

"फाट्यापर्यंत जातो आणि आलोच. चहा उकळायच्या आत."

आठवत नसायला काय झालं! कड्याखालच्या वस्तीवर चेबीच्या घरी किप्रोनोसाठी मुलगी मागायला जायचं होतं. ही तिसरी खेप, आणि शेवटची. दोनदा चेबीने पोटभर दूध पाजून परत पाठवलं होतं. पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण तुमच्यात माणसं कुठायत, असं तो म्हणे. किबिवोत एकुलता एक, त्याचा बापही एकुलता एक. उद्या माझ्या जेरोतिचवर काही वेळ आली तर मागे उभं कोण राहणार, हा चेबीचा सवाल. दुसऱ्या एका घरचे लोक उद्याच यायचे होते, आणि त्यांना म्हणे सात भाऊ. इकडे पोरगा पळण्याच्या शिबिरात असून त्याला धड घास जात नव्हता. जेबेतचा भाऊ नऊ वाजता व्हॅन घेऊन येणार होता. कोट झटकून ठेवलेला, काठीही तेल लावून तयार. एवढंच काय ते घरचं बळ.

किबिवोत उतारावर आला. पाय ठेवला, घसरला नाही. जरा जोरात आपटला, तरी नाही. मग त्याला राहवेना. तो हळूहळू पळायला लागला, आणि पन्नाशी उलटलेला माणूस एकदा उताराला पळायला लागला की थांबणं त्याच्या हातात फारसं राहत नाही.

फाट्यावर पळणाऱ्यांचा जथा थंडीत हात चोळत उभा होता. चाळीसएक जण तरी असतील. त्यांचा रोजचा म्होरक्या आज उगवलाच नव्हता. या जथ्याची रीत सगळ्या इटेनला ठाऊक आहे: जो पुढे, त्याच्या मागे. कुठे जायचं, किती जायचं, हे विचारायचं नाही. विचारलं की दमला असं समजतात. तेवढ्यात कोणी कधी न पाहिलेले बूट घालून एक माणूस वरून आला आणि न थांबता जंगलाकडे निघून गेला. झालं. चाळीस जण त्याच्या मागे लागले.

मागे पावलं वाजली तेव्हा किबिवोतने भल्या माणसासारखी वाट सोडली आणि बाजूच्या पायवाटेवर उतरला. तेही उतरले. तो सावकाश झाला, तेही झाले. शेवटी तो नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसला, तर सगळ्यांनी झाडांना हात टेकून पाय ताणायला सुरुवात केली. आता काय करावं माणसाने? त्याच्या अगदी मागे चेमताई होती, शेजारच्या वस्तीवरची चुणचुणीत पोर. त्याने दम खात तिला सांगितलं, "अगं बाई, तुम्ही व्हा पुढे. मी नुसते बूट बघतोय."

तिने ते मागे कळवलं. मागच्यांनी आणखी मागे कळवलं. यावर सगळे आपापल्या वाटेने जातील असा किबिवोतचा अंदाज होता, पण तो आपल्या माणसांना पुरता ओळखत नव्हता. बुटांचं काय होतंय हे प्रत्येकालाच बघायचं होतं. एक म्हणाला, मातीत काय, सगळेच टिकतात, दगडांवर बघा. दगडांवर झालं. दुसऱ्याला शेवाळाची शंका आली, म्हणून ओढा झाला. तिसऱ्याने कड्यावरून खाली जाणारी बकऱ्यांची वाट सुचवली, आणि खरं सांगायचं तर तोवर किबिवोतलाच ते बघायचं होतं. कधी नव्हे तो चाळीस माणसं त्याच्या पायांकडे डोळे लावून होती. तो उतरला. बूट एकदाही घसरले नाहीत. बाकीचे मात्र बरेच घसरले.

खाली पोचल्यावर त्याने वर पाहिलं. कडा पुन्हा चढून घरी जायचं तर दुपार होणार. व्हॅन एव्हाना निघाली असणार. आणि समोर, केळीच्या पलीकडे, चेबीचं फाटक दिसत होतं. अंगावर बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल, ना कोट ना काठी. पण आज गेलो नाही तर पोराचं लग्न बुडालं, एवढं त्याला लख्ख कळत होतं. तो फाटकाकडे निघाला. मागचे निघाले. त्यांना कोण सांगणार?

मागणीच्या दिवशी मुलाच्या बापाच्या मागून जो फाटकातून आत येईल तो त्याच्या घरचा, अशी आमच्याकडची रीत. चेबी ओसरीवर उभा राहून बघत होता. माणसं येतच होती. त्याने बायकोला दुधाने भरलेले आणखी भोपळे काढायला सांगितले, सगळ्यांना गवतावर बसवलं आणि मुरलेलं आंबट दूध वाटलं. किबिवोत बसला तो बसलाच. थोड्या वेळाने जेबेत आणि तिचा भाऊ कोट आणि काठी घेऊन उतरले, आणि अंगणाकडे बघून जेबेत फाटकातच थबकली. नवऱ्याकडे तिने जे पाहिलं, त्याचा हिशेब घरी होणार होता.

"पाहुणे, माझं चुकलं," चेबी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी म्हणत होतो तुमच्यात माणसं नाहीत. पण एवढी माणसं म्हणजे जबाबदारीही तेवढीच. आपल्यात मुलाकडचे सगळे मिळून मुलीच्या बापाला गाई देतात. तेव्हा प्रत्येकाने एकेक गाय कबूल करावी. सुरुवात या समोर बसलेल्या मुलीपासून करू."

चेमताईने भांडं हळूच खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि उभी राहिली. "काका, दूध फार छान होतं," ती चेबीला म्हणाली. "पण आमचा आज अजून अर्धाच पल्ला झालाय." ती निघाली, आणि जो पुढे त्याच्या मागे ही रीत सगळ्यांनी इमानाने पाळली. इतक्या वेगाने हा जथा कुठल्या शर्यतीतही पळाला नसेल. जेबेतचा भाऊसुद्धा व्हॅनपर्यंत जाऊन आला.

गवतावर किबिवोत एकटाच बसून राहिला. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत पेटके आले होते.

चेबीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो बायकोला म्हणाला, "गाईंचं नाव काढल्यावर सगळे पळाले. हा हलला नाही. असला सासरा पोरीला मिळाला तर आणखी कोण कशाला हवंय?" तो अंगणात उतरला आणि त्याने हात पुढे केला. "चला व्याही, उठा. आत बसून बोलू."

किबिवोतने एकदा उठायला बघितलं, पण पोटऱ्या ऐकेनात. मग त्याने तोच हात धरून चेबीला आपल्या शेजारी गवतावर बसवून घेतलं.

"व्याही," तो म्हणाला, "इथेच बसू या. हवा चांगली आहे."