शासकीय बाळाचे स्नान

१९५८ साली पनवेल गटातील मातांना मुले वाढवता येत नाहीत, असे वरिष्ठ कार्यालयाच्या लक्षात आले. घरोघर जाऊन मातृशिक्षण देण्याची योजना निघाली आणि ग्रामसेविका वेणूताईंच्या हाती एक रबरी बाहुली आली. खऱ्या मुलावर प्रात्यक्षिक केल्यास ते रडते व शिक्षणात व्यत्यय येतो, असे परिपत्रकात स्पष्ट नमूद होते.

मिठागराकाठच्या वस्तीत हौसाचे झोपडे होते. तिची दहा महिन्यांची जिजा इतकी काटकुळी, की बसवली तरी कलंडे. तिला दुधाच्या भुकटीचा डबा मिळावा, ही वेणूताईंची मनापासूनची तळमळ. पण डबा मिळणार होता बाहुली सांभाळण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मातेच्या बाळाला. म्हणून त्यांनी पंधरा दिवसांसाठी बाहुली हौसाच्या मांडीवर ठेवली. रोज स्नान, तेल आणि अर्धा तास प्रेमळ संभाषण.

गोडे पाणी तिथे कोसभरावरून डोक्यावर यायचे. हौसाने विचारले, "ताई, येकच हंडा हाय. जिजाला न्हाऊ घालू, का हिला?"

जिजाच्या अंगावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. वेणूताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"परीक्षेपुरती हिला घाल," त्या म्हणाल्या. "डबा मग जिजाचाच आहे."

हौसा विश्वासाने कामाला लागली. दिवसभर मीठ ओढून आली की बाहुलीला न्हाऊमाखू घाली, तीट लावी, आणि बोलायला काही सुचेना म्हणून तिला मिठाचा भाव सांगे. संभाषणाच्या वेळी शांतता आवश्यक असल्याने जिजाची रवानगी शेजारच्या गुणाबाईकडे होई. "सरकारची पोर घरात, नि घरची भायेर," असे पुटपुटत गुणाबाई तिला उचलून घेई.

पंधराव्या दिवशी पर्यवेक्षक कमळाकरराव जीपमधून उतरले. त्यांनी बाहुली तपासली. त्वचा स्वच्छ, वृत्ती शांत, वजनात घट नाही. हौसाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले. मग त्यांची नजर जिजाकडे गेली.

"ही कोणाची?"

"माजीच, सायेब."

"हिची निगा राखलेली दिसत नाही. लाभ निगा राखलेल्या बाळालाच देता येतो."

वेणूताईंनी हंडा एकच असल्याचे समजावून सांगितले. पाण्याचा विषय दुसऱ्या खात्याकडे असल्याचे कमळाकररावांनी त्यांच्या निदर्शनास आणले. डबा बाहुलीच्या नावे मंजूर झाला. आणि बाहुली सरकारी मालमत्ता असल्याने तोही तिच्याबरोबर जीपमधून परत गेला.

महिन्याभराने पनवेलात योजनेचे प्रदर्शन भरले. काचेच्या कपाटात बाहुली, शेजारी सीलबंद डबा, आणि माहिती द्यायला वेणूताई. गावातल्या प्रतिष्ठितांची रांग लागली. कोणी वजन विचारले, कोणी नाव सुचवले; इतके शहाणे बाळ पाहिले नव्हते, यावर एकमत झाले.

तेवढ्यात जिजाला कडेवर घेऊन हौसा कपाटापाशी आली. "ताई, आता भावलीला नाय ना लागत? मंग डबा..."

ओळखीची बाहुली दिसताच जिजाने काचेकडे हात केला आणि क्षीण आवाजात रडू लागली.

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "अहो, ते पोर बाहेर न्या. बाळाची माहिती ऐकू येत नाही."

कोण बोलले ते पाहायला वेणूताईंनी मान वर केली. रांगेत सगळी सुशिक्षित, लेकुरवाळी, बालसंगोपनाविषयी आस्था असलेली माणसे होती. प्रत्येकाने वळून आपल्या मागच्याकडे पाहिले. सर्वांत मागे, वाचकहो, आपण उभे होतात.